एकही आकडा न दिलेला सुडोकू

पेपरातला साधा सुडोकू आपल्यातले बरेच जण मेसमधला चहा संपायच्या आत सोडवतात. त्यांनी एकदा ‘ग्रेटर दॅन’ सुडोकू करून बघावा. नियम तेच, पण दिलेला आकडा एकही नाही. प्रत्येक ३ × ३ पेटीत शेजारच्या घरांमध्ये १२ चिन्हे, नऊ पेट्यांत मिळून १०८. चिन्हाचे उघडे तोंड मोठ्या आकड्याकडे.

बहुतेक जण अंदाजाने कुठेतरी ९ टाकतात आणि अर्ध्या तासाने सगळं खोडतात. अंदाज नको, मोजा! ही पेटी बघा:

क > ख > ग
च > छ < ज
ट < ठ > ड

उभ्या ओळींत प्रत्येक वरचे घर त्याच्या खालच्यापेक्षा मोठे आहे असं धरू.

आता प्रत्येक घराला दोनच प्रश्न विचारायचे. याच्याहून नक्की लहान घरे किती? नक्की मोठी किती? लहान घरांची संख्या अधिक १ हा किमान आकडा. ९ वजा मोठ्या घरांची संख्या हा कमाल.

‘क’ सगळ्यांहून मोठा, म्हणून ९. ‘ठ’च्या खाली ट आणि ड ही दोन, वर उरलेली सहाही. किमान ३, कमालही ३. तसाच ‘छ’ ४. ट आणि ड मध्ये १ व २ राहिले. ‘ख’ ७ किंवा ८. म्हणजे १, २, ३ तिन्ही तळाच्या ओळीत अडकले; त्याच ओळीत बाजूच्या दोन पेट्यांमध्ये ते येणार नाहीत. इथून पुढे नेहमीचा सुडोकू!

एक सावधगिरी. फुतोशिकी नावाचं जपानी कोडं असंच दिसतं (त्या शब्दाचा अर्थच ‘असमानता’), पण त्यात पेट्या नसतात. तिथे एखाद्या घराहून लहान असलेली दोन घरे वेगळ्या ओळींत असतील तर त्यांत एकच आकडा येऊ शकतो. म्हणून तिथे सगळी घरे मोजून चालत नाही, सलग उतरणारी सर्वांत लांब साखळी मोजावी लागते. पेटीत मात्र नऊही आकडे वेगळे, म्हणून सगळी मोजता येतात.

आपण फॉर्म्युला पाठ करतो, तो कुठल्या अटीवर उभा आहे ते विसरतो. हे कोडं ती अट विसरू देत नाही. पेन्सिल घ्या, प्रत्येक घराच्या कोपऱ्यात किमान-कमाल लिहा आणि ‘असेल’ला ‘आहे’ समजू नका.