बाटली टेबलावर नेताना

वाइन स्टुअर्ड म्हणून नव्याने रुजू झालेल्यांना वाटतं, द्राक्षांच्या जाती पाठ झाल्या की काम जमलं. पाहुण्याला मात्र व्याख्यान नको असतं, त्याला जेवायचं असतं. म्हणून आधी जेवणात काय मागवलंय ते विचारा. झणझणीत कालवणासोबत कडक रेड दिली, तर तिखट आणखी झोंबतं. तिथे थंडगार, किंचित गोडसर चेनिन ब्लांक सुचवा. कबाबाबरोबर शिराझ चालेल. किंमत चारचौघांत उच्चारू नका. यादीतल्या आकड्यावर बोट ठेवून, “साहेब, साधारण अशी चालेल?” एवढंच विचारा.

व्हाइट ८ ते १२ अंशांवर द्या. रेड ‘रूम टेम्परेचर’ला द्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच पस्तिशी गाठते! रेडसाठी १६ ते १८ अंश पुरेत. बाटली उबदार असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवा, पाहुणे हसले तरी.

ज्यांनी मागवली त्यांना लेबल दाखवा. नाव आणि साल त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या. तोंडावरची फॉइल कडेच्या खाली कापा, तोंड पुसा. स्क्रू बुचाच्या मधोमध सरळ फिरवा आणि बूच आवाज न करता काढा. स्पार्कलिंगला बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. आत मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो, तेव्हा तोंड कुणाकडेही रोखू नका.

आता घोटभर चव द्या. ही चव आवडनिवडीसाठी नसते, वाइन बिघडलेली नाही ना हे पाहण्यासाठी असते. बाधित बुचामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. शंका आली तर वाद न घालता बाटली उचला, आत नेऊन स्वतः हुंगा, दुसरी आणा. नाशिकच्या बऱ्याच वाइनना आता फिरकीचं झाकण असतं. तिथे बुचाचा दोष येत नाही, तरी चव द्यायचीच.

होकार मिळाला की आधी पाहुण्यांना, शेवटी यजमानांना ओता. ग्लास एक तृतीयांशच भरा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाचच ग्लास निघतात. दुसरी बाटली खपावी म्हणून ग्लास सारखे भरत राहू नका. पाहुण्यांना ते लगेच कळतं.