तेल नेमके कुठून येते?



पाड्यांवर औषधे पोहोचवणारी आपली मोटारसायकल दर पावसाळ्यानंतर तपासणीसाठी माझ्याकडे कासारवाडीला येते. शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक, वीस वर्षांची जुनी गाडी. यंदा रात्री उभी केली त्या जागी सकाळी रुपयाएवढा तेलाचा डाग दिसला. एका गॅरेजवाल्याने इंजिन खोलायला सांगितले. तेवढ्या पैशांत पाड्यावरची बरीच औषधे येतात, म्हणून आधी स्वतः पाहायचे ठरवले.

डाग ड्रेन बोल्टच्या खाली होता. मी बोल्टचा वॉशर बदलला. दुसऱ्या दिवशी डाग तसाच! माझी चूक ही, की तेल जिथे पडते तिथेच मी दोष धरला. अशा वेळी बोल्ट जोर लावून आवळणे तर फारच वाईट. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेले की खर्च कितीतरी वाढतो.

मग क्रमाने पुढे गेलो. तो क्रम असा:

१. तेलाची पातळी पाहा. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या आणि पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोजपट्टीवर तेल बघा. तेल जास्त भरले असेल किंवा ब्रीदर पाइप चिखलाने बुजला असेल, तर आत दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येते.

२. इंजिन धुवा. ते पूर्ण थंड असताना रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने साफ करा, कोरडे पुसा. ब्रेकवर थेंब उडू देऊ नका.

३. पावडर मारा. अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर इंजिनवर हलकेच भुरभुरा आणि चारपाच किलोमीटर गाडी चालवा. मी नाशिक फाट्यावरून पिंपरीपर्यंत जाऊन आलो.

४. ओली रेघ शोधा. तेल खाली ओघळते आणि वारा ते मागे ढकलतो. म्हणून पावडर जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ओली झाली, तिथे उगम समजावा.

आपल्या गाडीची रेघ पुढे, हेडच्या खालच्या टॅपेट कॅपपासून निघाली होती. तिथून तेल इंजिनच्या पोटाखालून मागे सरकत ड्रेन बोल्टवर जमत होते. कॅपखाली डबा धरून ती खोलली. आतली रबरी ओ-रिंग उष्णतेने कडक आणि चपटी झाली होती. नवी रिंग तेलाचे बोट लावून बसवली. इंजिन खोलावे लागले नाही.

इतर नेहमीच्या जागा म्हणजे किक व गिअर शाफ्टचे ऑइल सील, पुढच्या स्प्रॉकेटमागचे सील आणि क्लच कव्हरचे पॅकिंग. पॅकिंगऐवजी सिलिकॉन बॉन्ड थापू नका. त्याचे तुकडे आत जाऊन तेलाची वाट बंद करू शकतात. स्प्रॉकेटकडचे तेल मागच्या टायरवर उडत असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल किंवा पातळी दोन दिवसांत उतरत असेल, तर गाडी चालवू नका, मेकॅनिककडे न्या.

काढलेले तेल गटारात ओतू नका. आपली गटारे शेवटी पवनेला मिळतात. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्या.

कासारवाडीत रस्ता ओलांडला की ओ-रिंग मिळते. डोंगरावर तेल संपून इंजिन जाम झाले, तर आजाऱ्याकडे निघालेला सेवक अंधारात अडकतो. म्हणून गाडीच्या डिकीत आता एक पिशवी ठेवली आहे: दोन ओ-रिंगा, एक वॉशर, पाने, फडके, अर्धा लिटर तेल आणि पावडरीचा लहान डबा. गेल्या आठवड्यात गाडी पुन्हा पाड्यांकडे गेली. त्या रस्त्याची आठवण आपल्या प्रार्थनेत असू द्यावी.