नाण्यांचा नाद आणि न्यूझीलंडमधली नोकरी

‘मुलीला जुन्या नाण्यांचा नाद आहे, त्यातच करिअर करायचं म्हणते, पुढे खाणार काय?’ न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. इथल्या मातीत सातवाहनांची नाणी सापडत नाहीत, रोमनही नाहीत. माणूसच इथं साधारण तेराव्या शतकात पोहोचला, आणि माओरी समाजात नाण्यांचं चलन नव्हतं. तरीही या देशात नाण्यांवर भक्कम काम झालं आहे.

क्लुथा नदीवर क्लाइडचं धरण उभं राहण्याआधी बुडीत क्षेत्रातल्या जुन्या जागांचा अभ्यास पुरातत्त्वज्ञ नेव्हिल रिची यांनी केला. १८६० च्या दशकापासून सोन्यासाठी ओटागोत आलेल्या चिनी खाणकामगारांच्या वस्त्या त्यांनी उकरल्या. तिथं चौकोनी भोकाची पितळी नाणी निघाली. पुढच्या बाजूला चार चिनी अक्षरं, मागे मांचू लिपीत टांकसाळीचं नाव. त्यात छ्येनलोंग बादशहाच्या (१७३६–१७९५) काळातलीही नाणी, म्हणजे झोपडी उभी राहण्याच्या किमान सत्तर वर्षं आधी पाडलेली. नुसतं नाणं वाचून वस्तीचा काळ ठरवला तर फसगत ठरलेली! काळ ठरवायला शेजारी सापडलेल्या बाटल्या आणि डबेही पाहावे लागतात. शिवाय इथल्या दुकानात ब्रिटिश पैसा चालायचा, मग ही नाणी आणली कशाला? १९८७ साली रिची आणि स्टुअर्ट पार्क यांनी याच नाण्यांवर निबंध लिहिला. ती बाजारासाठी नव्हती. फान-तान या जुगारात मोजणीसाठी ती वापरली जात, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. नाणं ओळखणारे हौशी संग्राहक पुष्कळ असतात. ते कुठल्या थरात, कशासोबत पडलं होतं हे वाचणारा अभ्यासक होतो, आणि पगार त्या वाचनाला मिळतो.

रिचींना ते काम धरणामुळे मिळालं, हे पालकांनी नीट लक्षात घ्यावं. आजही इथल्या बहुतेक नोकऱ्या बांधकामाच्या मागोमाग येतात. १९०० पूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा असलेली जागा परवानगीशिवाय उकरायला २०१४ चा ‘हेरिटेज न्यूझीलंड पोउहेरे ताओंगा’ कायदा मनाई करतो. त्यामुळे रस्ता असो, नवी वसाहत असो, पुरातत्त्वज्ञ लागतोच. २०१०–११ च्या भूकंपांनंतर क्राइस्टचर्चमध्ये जुन्या इमारती पाडताना असं काम प्रचंड निघालं. संग्रहालयातली पदं मात्र मोजकीच, आणि केवळ नाण्यांसाठीचं पद इथं मिळेल या आशेवर राहू नये. माझं स्पष्ट मत आहे: पदवी पुरातत्त्वाची घ्यावी, नाणी हे त्यावरचं विशेष कौशल्य ठेवावं.

डुनेडिनचं ओटागो विद्यापीठ आणि ऑकलंड विद्यापीठ, दोन्हीकडे हा विषय आहे. तीन वर्षांच्या पदवीवर थांबू नये. ऑनर्स किंवा मास्टर्स असेल तर जबाबदारीची कामं मिळतात. देशात राहणाऱ्यांना विद्यार्थी कर्जावर व्याज लागत नाही. भारतातून येणाऱ्यांना मात्र फी कितीतरी पट जास्त पडते, तो हिशेब आधीच करावा. गाडी चालवता यायला हवी, चिखलात आणि थंडीत दिवसभर उभं राहण्याची तयारी हवी. माओरी भाषा जरूर शिकावी, कारण बऱ्याच जागा ज्यांच्या पूर्वजांच्या आहेत त्या इवींशी, म्हणजे माओरी जमातींशी, बोलूनच काम पुढे सरकतं.

आणि भारतीय नाण्यांचीच ओढ असेल तर? मुंबई विद्यापीठात सातवाहनकालीन नाण्यांवर पीएच.डी. केलेले शैलेंद्र भांडारे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात दक्षिण आशियाई नाण्यांचा विभाग सांभाळतात. देवनागरी येणाऱ्या मुलीला सातवाहन नाण्यांवरची ब्राह्मी लिपी शिकणं फार जड जाणार नाही. सुट्टीत ती आतापासूनच गिरवता येईल. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करण्याची वाटही मोकळी आहे. तोवर डुनेडिनला गेलात तर ओटागो म्युझियमला विली फेल्स यांनी दिलेली ग्रीक नाणी पाहता येतील का, याची चौकशी करा. आणि ॲरोटाउनची चिनी वस्ती दाखवायला तिला नक्की न्या.