हिरवाई वस्तीला मिळाली, पण तुम्हाला किती मिळाली?

वस्तीपासून उद्यान पाचशे मीटरवर आहे, म्हणजे वस्तीला हिरवाई मिळाली, असा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. आता त्याच वस्तीतल्या दोघीजणी घ्या. एक सकाळी पाणी भरून धुण्याभांड्याच्या कामाला निघते आणि तिच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मोठी झाडे आहेत. दुसरी पोटमाळ्यावर दिवसभर शिलाई करते. तिला आठवडाभर एक पानही दिसत नाही. दोघींचा पत्ता एकच आहे, पण त्यांना मिळणारी हिरवाई एक नाही.

आजवर हे मोजमाप बहुतेक उपग्रहावरून होत आले. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोन्हींतल्या फरकावरून कुठे किती झाडोरा आहे ते काढतात. पद्धत चांगली आहे, पण ती वरून पाहते. सोसायटीच्या उंच भिंतीआडची बागही ती शेजारच्या वस्तीच्या खात्यात जमा करते. भिंत आणि वॉचमन तिला दिसत नाहीत.

म्हणून संशोधकांनी मोजण्याचे यंत्र माणसाच्या अंगावरच दिले. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात दहा-अकरा वर्षांच्या मुलांना जीपीएस आणि हालचाल मोजणारे छोटे यंत्र लावून अभ्यास झाला. शाळा सुटल्यावर मुले उद्यानात वा मैदानात फारच थोडा वेळ असतात, पण जेवढा वेळ असतात तेवढा वेळ जास्त धावतात-खेळतात, असे त्यातून दिसले.

जीपीएस तुम्ही कुठे होता ते सांगते, काय पाहिले ते सांगत नाही. आणि नुसते पाहण्यालाही महत्त्व असावे. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयातील नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधे कमी लागली. रुग्ण अवघे ४६ होते, हेही ध्यानात ठेवावे.

डोळ्यांसमोरचे टिपायला गळ्यातला कॅमेरा लागतो. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन भागात २०१४-१५ मध्ये १६८ मुलांनी चार-चार दिवस असा कॅमेरा घातला. तो दर ७ सेकंदांनी आपोआप फोटो काढायचा, म्हणजे तासाला पाचशेहून जास्त. मूळ हेतू मुलांना खाण्यापिण्याच्या किती जाहिराती दिसतात ते पाहण्याचा होता, पण असे फोटो हाती आले की मुलांच्या वाट्याला काय काय येते ते सगळेच मोजता येते. यात धोका आहेच. दहा बाय बाराच्या खोलीत असा कॅमेरा आला तर घरच्यांचे कपडे बदलणे, भांडण, आजारपण सगळेच टिपले जाईल. उद्या कोणी आपल्या वस्तीत अशी यंत्रे घेऊन आले तर आधी विचारा: फोटो कोण पाहणार, नको ते आम्हाला पुसता येतील का, आणि निष्कर्ष आम्हाला मराठीत सांगणार का? समाधानकारक उत्तर नसेल तर सही करू नका.

यंत्रेही चुकतात. अरुंद गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली जीपीएसचा संकेत नीट मिळत नाही. मोबाईल घरी चार्जिंगला आणि बाई कामावर, तर मोबाईल घरचाच हिशेब देणार.

मग किती हिरवाई पुरे? इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात १२० मिनिटे किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांत प्रकृती चांगली असल्याचे सांगणारे अधिक होते. तो वेळ एकदम घ्या की थोडा थोडा, फरक दिसला नाही. मात्र ही माहिती आठवून सांगितलेली होती, आणि तब्येत धड असलेला माणूसच जास्त बाहेर पडतो, हेही खरे.

घड्याळ विकत घेण्याची गरज नाही. कॅलेंडरच्या मागे एक आठवडा रोज तीन आकडे लिहा: झाडाखाली किती मिनिटे, चालताना झाडे दिसली ती किती मिनिटे, आणि जायचे होते पण जमले नाही ते का. घरातल्या प्रत्येकाचे वेगळे लिहा. सासूबाईंचे आणि शाळकरी मुलीचे विसरू नका, कारण बहुधा त्यांचेच आकडे सर्वांत लहान निघतात. तिसऱ्या रकान्यात ‘फाटक बंद’, ‘दिवा नाही’, ‘पोरे छेडतात’ असे दहा घरांतून आले, तर तो कागद वॉर्ड ऑफिसात अर्जाला जोडता येतो. पाचशे मीटरवर उद्यान असल्याचे तिथे सांगतील, तेव्हा तोच कागद पुढे ठेवा.