झाड कसं वाढतं? एक नियम, एक वेबपेज आणि सोसायटीतला गुलमोहर



'वनस्पतींची वाढ' हा पाठ शिकवताना मोठी अडचण असते ती वेळेची. मटकीला मोड एका रात्रीत येतात, पण झाडाला फांद्या फुटताना मुलांना दाखवायच्या कशा? इथे संगणकावरचं प्रारूप, म्हणजेच सिम्युलेशन, उपयोगी पडतं.

नियम काय आहे?

हंगेरीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ मध्ये वनस्पतींची वाढ अक्षरांच्या नियमांत मांडली. त्यांच्या पद्धतीचं सर्वात सोपं उदाहरण फळ्यावर करता येतं. नियम दोनच: 'अ' च्या जागी 'अब' लिहा, 'ब' च्या जागी 'अ' लिहा.

अ
अब
अबअ
अबअअब
अबअअबअबअ

अक्षरं मोजा: १, २, ३, ५, ८. पुढची संख्या मुलं स्वतःच सांगतात! आता अक्षरांऐवजी 'रेघ काढ', 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ' अशा सूचना ठेवल्या की पडद्यावर झाड उभं राहतं.

वेबपेज कसं असावं?

हे सगळं एकाच छोट्या एचटीएमएल फाइलमध्ये बसतं. काही इन्स्टॉल करायला नको, पालकांच्या मोबाईलवरही चालतं. फक्त चार गोष्टी सांभाळा:

१. बटणं मराठीत हवीत: 'पुढची पायरी', 'फांदीचा कोन', 'पुन्हा सुरुवात'.
२. नियम पडद्यावर दिसला पाहिजे आणि मुलांना तो बदलता आला पाहिजे. नाहीतर ते नुसतं कार्टून होतं.
३. चित्राखाली दोन ओळींचं वर्णन द्या, म्हणजे दृष्टिहीन मुलांना ते मोबाईलवर ऐकता येईल.
४. 'एक पायरी म्हणजे एक वर्ष नव्हे' हे ठळक लिहा.

आता खाली उतरा

मुलांना सोसायटीच्या आवारात न्या. गुलमोहर छत्रीसारखा पसरतो, आसोपालव सरळसोट वर जातो. पडद्यावरचा कोन किती ठेवला तर कोणतं झाड दिसेल? आणि नारळ? त्याला फांद्याच नाहीत, मग त्याचा नियम काय? छातीच्या उंचीवर खोडाचा घेर सुतळीने मोजा, ३.१४ ने भागा, व्यास मिळाला. गणिताचा तासही झाला.

मग खरा प्रश्न विचारा. प्रत्येक टोकाला दोन फांद्या फुटल्या तर १० पायऱ्यांत १,०२४ टोकं होतात, २० पायऱ्यांत दहा लाखांवर! खरं झाड असं का वाढत नाही? कारण सावलीतल्या फांद्या वाळतात, कित्येक डोळे फुटतच नाहीत, पाणी आणि जागा कमी पडते, पावसाळ्याआधी छाटणी होते. प्रारूपात काय नाही, हे ओळखणं हाच या पाठातला विज्ञानाचा भाग.

हे का महत्त्वाचं?

ऑक्टोबर २०१९ मध्ये गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. अशा वेळी 'नवीन लावू की' हे वाक्य मुलांच्या कानावर पडतंच. पडद्यावर बटण दाबलं की झाड मोठं होतं. रोपाला मात्र तेवढं व्हायला एका माणसाचं अर्धं आयुष्य लागू शकतं. मेट्रो हवी की झाडं, यावर मत आपण देऊ नये, मुलांनी ते स्वतः बनवावं. पण बनवताना त्यांच्या हिशोबात ही वर्षं धरलेली असावीत.

गृहपाठ: घराजवळचं एक झाड निवडा. त्याचा घेर आज लिहून ठेवा. पुढच्या वर्षी याच महिन्यात, त्याच उंचीवर पुन्हा मोजा.