एका अंगणात शेवगा आणि तोंडली: ओमानमधल्या इब्र्यासाठी काय करावे, काय टाळावे

काय करावे

- दोघांना वेगळी आळी करा आणि मध्ये किमान तीन मीटर अंतर ठेवा. तोंडलीला जेमतेम पुरते तेवढ्या पाण्यात शेवग्याचे मूळ कुजते.
- ठिबक बसवणार असाल, तर शेवग्याच्या नळीला स्वतंत्र कॉक लावा आणि तो बहुतेक वेळा बंदच ठेवा.
- शेवग्याचे बी रात्रभर भिजवून ऑक्टोबरात जागेवरच पेरा. सोटमूळ पिशवीतून हलवताना दुखावते.
- तोंडलीचे छाट फेब्रुवारीच्या मध्यानंतर, थंडी मोडल्यावर लावा: पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब, दोन डोळे मातीत.
- छाट फळे धरलेल्या वेलाचेच घ्या. तोंडलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, आणि नर वेल वर्षभर पाणी पिऊन नुसता फुलतो.
- शेवगा भर उन्हात लावा. तोंडलीला घराची पूर्वेची बाजू द्या, म्हणजे सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली.
- मे ते ऑगस्ट तोंडलीच्या मांडवावर हिरवी जाळी टाका. शेवग्यासाठी जाळीचा खर्च करू नका.
- शेंगांसाठी पीकेएम १ किंवा दापोलीच्या विद्यापीठाची कोकण रुचिरा निवडा.
- शेवगा ७५ सेंटिमीटरचा झाला की शेंडा खुडा. फांद्या फुटतात आणि शेंगा हाताला येतात.
- शेंगांचा हंगाम संपला की झाड जमिनीपासून तीन फुटांवर छाटा. जीव तुटला तरी छाटा.
- मांडव सहा फुटांचा करा आणि वर खजुराच्या झावळ्यांचे दांडे बांधा. लोखंडी सळई दुपारी तापून कोवळे तणावे करपवते.
- पाणी देण्याआधी बोट दोन पेरे मातीत घाला: ओल लागली नाही तर तोंडलीला लगेच पाणी द्या, रुजलेल्या शेवग्याला आणखी दोन दिवस थांबवा.
- शेवग्याला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदाच, पण खोलवर मुरेल इतके पाणी द्या. हिवाळ्यात त्याहूनही लांबवा.
- पहिल्या उन्हाळ्यात मात्र शेवग्यालाही दोन-तीन दिवसांआड पाणी द्या. काटक तो नंतर होतो.
- तोंडलीला उन्हाळ्यात रोज पहाटे पाणी द्या, आणि ती ड्रममध्ये असेल तर संध्याकाळीही.
- एसीच्या नळीखाली बादली ठेवा आणि ते पाणी तोंडलीला द्या. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि इथे एसी बंद तरी कधी असतो!
- पाइप सुरू केल्यावर पाणी हाताला गार लागेपर्यंत बादलीत सोडा. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी मुळे भाजते.
- आळ्यात पांढरा थर दिसला की तो खरवडून काढा आणि एकदा नेहमीच्या दुप्पट पाणी देऊन क्षार मुळांखाली उतरवा.
- कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर चिलेटेड लोह द्या. हा उपाय दोघांनाही एकच.
- तोंडली दर तिसऱ्या दिवशी तोडा, पानांआड हात घालून शोधा. एक फळ जरी लाल झाले तरी वेल पुढची फळे धरायला आळस करतो.
- तोंडलीची पाने उलटून बघा. बारीक जाळे आणि लाल ठिपके दिसले तर ते कोळी आहेत, पहाटे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.
- जुलै-ऑगस्टात गावी जाणार असाल, तर वेल दोन फुटांवर कापून बुंध्याभोवती झावळ्यांचा जाड थर पसरा. जमिनीतला कंद तग धरतो आणि परतल्यावर फुटतो.
- शेवग्याला निघण्याच्या आदल्या दिवशी आळे भरून पाणी द्या आणि शेजाऱ्यांना दहा दिवसांनी एकदा पाणी घालायला सांगा, रोज नव्हे.

काय टाळावे

- शेवग्यालाच मांडव करू नका; तोंडली झाडाचे ऊन अडवते आणि वजनाने फांद्या मोडते.
- पिकलेली तोंडली वेलावर सोडू नका. पक्षी बिया नेतात, आणि हवाईत हाच वेल उपद्रवी तण म्हणून घोषित आहे.
- पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी झाडांना घालू नका. त्यात क्षार दाटलेले असतात.
- शेगडीतली राख किंवा चुना आळ्यात टाकू नका. गावी चालत असेल, इथली माती आधीच अल्कधर्मी आहे.
- ताजे लेंडीखत घालू नका. चार-सहा महिने कुजवूनच वापरा.
- शेवग्याला युरिया देऊ नका. पाला माजतो आणि शेंगा रुसतात.
- फुलोऱ्यात शेवग्याला आज कोरडे, उद्या तुडुंब असे पाणी देऊ नका, फुले गळतात.
- ऐन उन्हाळ्यात फूल गळाले म्हणून खत ओतू नका; पारा ४० अंशांपुढे गेला की ते गळणारच.
- जानेवारीत तोंडली सुकल्यासारखी दिसली म्हणून उपटू नका. थंडीत ती झोपते.
- खजुराच्या झाडाखाली मांडव घालू नका. डुबास किडीचा चिकट स्राव पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते.
- शेवगा कुंपणभिंतीला किंवा सेप्टिक टँकला खेटून लावू नका, आणि भाड्याच्या घरात घरमालकाला विचारल्याशिवाय अजिबात लावू नका.
- शेवग्याच्या फांदीला झोका बांधू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी; लाकूड ठिसूळ असते.
- फलजमध्ये, म्हणजे सामाईक पाटात, पाइप सोडू नका; ते पाणी वेळेच्या हिश्शांनी वाटलेले असते आणि तुमची पाळी त्यात नाही.
- वादीच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या, कोरड्या पात्रात वाफा करू नका. आपल्या उत्तर शर्कियाने एप्रिल २०२४चा पूर पाहिला आहे.
- गावाहून तोंडलीचे छाट बॅगेत लपवून आणू नका. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच राहतील.
- ओमानच्या डोंगरातल्या रानशेवग्याचे रोप शेंगांच्या आमटीसाठी घेऊ नका. ती जात वेगळी, बियांच्या तेलासाठी नावाजलेली.
- शेवग्याचा पाला भाजीला खुडत असाल, तर त्यावर कीटकनाशक फवारू नका; मावा साबणाच्या पाण्यानेही जातो.
- भर दुपारी वेल कोमेजलेला दिसला म्हणून धावत पाणी घालू नका. सूर्य कलल्यावर तो आपोआप सावरला, तर त्या दिवशी पाण्याची गरज नव्हती.