पोर्चचा कोबा नवा करताना

साताऱ्याच्या आमच्या घराचा पोर्च वडिलांच्या वेळचा, साध्या करड्या कोब्याचा. त्याला भेगा गेल्या, कडा झिजल्या. टाइल्स बसवायच्या नव्हत्या, म्हणून त्या कोब्यावरच दगडी फरशीचा छाप उठवलेलं रंगीत काँक्रीट घालून घेतलं. ठेकेदार शोधण्यापासून शेवटचा हप्ता देईपर्यंत जे उमगलं, ते सांगते.

१. फोटो नंतर, हातोडी आधी.
काम बघायला येणारे बहुतेक जण मोबाइलमधले फोटो दाखवायचे आणि उभ्या उभ्या चौरस फुटाचा दर सांगायचे. ज्यांना आम्ही काम दिलं, ते आल्या आल्या उकिडवे बसले आणि कोबा ठोकत पुढे सरकू लागले. खणखणीत वाजलं तिथून पुढे, बद्द वाजलं तिथे खडूने गोल. पायरीजवळ आणि गाडीच्या चाकांच्या पट्ट्यात गोलच गोल झाले. बद्द वाजणारा कोबा खालून सुटलेला असतो. त्यावर कितीही भारी थर दिला तरी तो जुन्या कोब्यासकट उखडून येतो. तेवढा भाग फोडून नव्याने भरावाच लागतो. हातोडी न लावता दर सांगणाऱ्याला काम देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. भेग का पडली, ते विचारा.
केसासारखी बारीक भेग निराळी आणि जिची एक बाजू खाली बसली आहे ती निराळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. बांधताना ती काढून मुरूम आणि दगडी सोलिंग नीट भरलेलं नसेल तर वरचा कोबा हलत राहतो आणि भेग नव्या थरातून पुन्हा डोकं काढते. बसलेला भाग खालपासून दुरुस्त करायला हवा, नुसती भेग बुजवून भागत नाही. जुन्या कोब्यातले सांधेही नव्या थरात त्याच जागी कापून घ्यावेत, नाहीतर नेमकी तिथेच वेडीवाकडी चीर जाते.

३. नवा थर किती जाड, ते लिहून घ्या.
‘स्टॅम्प काँक्रीट’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एकात तीन-चार इंचांचं नवं काँक्रीट ओततात, दुसऱ्यात पॉलिमर मिसळलेला पातळ थर देतात. दोन्हींचे दर, वजन, टिकाऊपणा सगळंच वेगळं. जाड काँक्रीट घातलं की पोर्च वर येतो, मग दार अडकतं, फाटक घासतं. त्याहून वाईट म्हणजे एक पायरी बुटकी होते. रोजच्या सवयीचा पाय तिथे चुकतो आणि घरात म्हातारं माणूस असेल तर ती बुटकी पायरी धोक्याची ठरते. आम्ही पातळ थर घेतला तो मुख्यतः आईसाठी.

४. ढाळ बघा. साधारण शंभर इंचांना एक ते दीड इंच, घरापासून बाहेरच्या बाजूला. काम सुरू होण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघितलं की खळगे दिसतात.

५. थर चिकटणार कशाला?
ग्राइंडरने घासून किंवा टाचे मारून जुना कोबा खरखरीत करायचा, गाडीच्या ऑइलचे डाग काढायचे, धूळ धुवायची, मग बाँडिंगचं केमिकल. ओल येते का, तेही तपासावं. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला तर ओल आहे. तशा जागी रंगावर पांढरा लोणा फुटतो.

६. पाण्यावर नजर ठेवा.
माल पसरायला हलका जावा म्हणून बिगारी बादलीतून आणखी पाणी ओततो. “ताई, काही होत नाही,” असं म्हणतोही. पण होतं. जास्तीच्या पाण्याने ताकद घटते, भेगा पडतात आणि रंग घाणीघाणीला फिका-गडद होतो. रंगाची पावडर वजन करूनच टाकायला लावा, मुठीने नाही.

फोडून भरलेल्या जागांवर पुरेसे दिवस पाणी मारलं जातंय ना, हेही बघा. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीला किमान १० दिवस. हवा गरम, कोरडी असेल तर १० आणि १४. बाजारातल्या बहुतेक गोण्या पीपीसीच्या असतात, तेव्हा गोणी वाचावी. रंगीत थरावर मात्र ओलं बारदान टाकू देऊ नका, टेकेल तिथे डाग उठतो. त्यावर कोणतं क्युअरिंग करणार, हे आधीच ठरवा.

७. नमुना तुमच्याच मालाचा हवा.
दोन फूट चौकोनी तुकडा, त्याच रंगाचा, त्याच साच्याचा, सीलर मारलेला. तो उन्हात बघा, सावलीत बघा, ओला करून त्यावर अनवाणी उभे राहा. आमच्या पहिल्या नमुन्यावर आईचा पाय सरकला. मग सीलरमध्ये बारीक कच मिसळायला लावली. चकाकी थोडी गेली, त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

८. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा. तयारी संपल्यावर एक, थर पडल्यावर एक आणि थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत हातात. हे दरपत्रकातच लिहा. चांगले ठेकेदार याला नाही म्हणत नाहीत. दिवाळीनंतरचा काळ या कामाला उत्तम. एप्रिलच्या दुपारी माल छाप उठायच्या आतच आवळतो.

९. सीलर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. म्हणून जाण्याआधी ठेकेदाराकडून रंगाचा क्रमांक, साच्याचं नाव, सीलरची जात लिहून घ्या आणि उरलेली रंगाची पावडर कोरड्या डब्यात ठेवून द्या. एखादी कड फुटली तर ठिगळासाठी तोच रंग लागतो.